दिवा रस्त्याचा, उजेड माजघरात

ग्रामपंचायतीत दिव्याबद्दल येणारा अर्ज वर्षानुवर्षे एकाच मजकुराचा असे: दिवा बंद आहे, लावून मिळावा. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत काम करणारे आपले वायरमन आणि ठेकेदार आता दुसऱ्याच मजकुराचे गाऱ्हाणे ऐकू लागले आहेत. दिवा चालू आहे आणि तो झोपू देत नाही. गावठाणातल्या कुणी खिडकीला गोणपाट लावलेले असते, कुणी फिटिंगच्या अर्ध्या काचेला काळा रंग फासलेला असतो. शिडी लावलेली दिसली की ओटीवरून आजी हाक मारतात, "दादा, एवढा जरा तिकडे फिरव ना." आपल्यातले बरेच जण हसून म्हणतात, "आजी, वरून ऑर्डर आहे," आणि पुढच्या खांबाकडे जातात. या अंकाचे संपादकीय त्या आजींच्या बाजूने आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. उजेड नको असे म्हणणारी ही माणसे नाहीत आणि आम्हीही तसे म्हणत नाही. शेवटच्या कसारा लोकलने आटगाव किंवा खर्डीला उतरून पाड्याकडे चालत निघालेल्या बाईला रस्त्यावर दिवा हवाच. पावसाळ्यात बांधावर आणि पायवाटेवर मण्यार, घोणस, फुरसे असतात. तानसा अभयारण्याच्या कडेच्या वस्त्यांना बिबट्याची धास्ती असते. कित्येक पाड्यांनी पहिल्या खांबासाठी किती खेटे घातले, हे आपल्यापैकी ज्यांनी तिथे तारा ओढल्या त्यांना चांगले ठाऊक आहे. म्हणून प्रश्न दिवा असावा की नसावा हा नाही. रस्त्यासाठी लावलेला उजेड रस्त्यावर पडतो की नाही, एवढाच आहे. त्याचे उत्तर मंत्रालयात ठरत नाही. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या पान्यावर ते ठरते.

आपण इथवर आलो कसे? खांबावर आधी ट्यूबची पट्टी होती, मग ७० वॅटचा सोडियम आला आणि मग एलईडी. राष्ट्रीय पथदीप योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि बघता बघता एलईडी पाड्यांपर्यंत पोहोचला. वीज वाचली, देखभाल घटली, हे खरेच. पण बदल करताना दोन गोष्टी आपण तशाच राहू दिल्या.

पहिली म्हणजे वॅट. ४० वॅटची ट्यूब काढली आणि तिच्या जागी ४० किंवा ४५ वॅटचे एलईडी फिटिंग चढवले. ट्यूब साधारण अडीच हजार लुमेन देई आणि त्यातला बराचसा उजेड पट्टीत, धुळीत आणि आभाळात जाई. ४५ वॅटचा एलईडी सहज पाच हजार लुमेन देतो आणि सगळा एका दिशेने फेकतो. आता गणित करून पाहू. गावातला रस्ता ४ मीटर रुंद, खांबांतले अंतर ३० मीटर, म्हणजे एका दिव्याच्या वाट्याला १२० चौरस मीटर. २० वॅटचे फिटिंग २२०० लुमेन देते. त्यातले ४० टक्केच रस्त्यावर पोहोचतात असे धरले आणि धूळ व वयोमानासाठी ३० टक्के घट धरली, तरी सरासरी पाच लक्स मिळतात. आयएस १९४४ मध्ये कमी रहदारीच्या दुय्यम रस्त्यांसाठी, म्हणजे बी-२ गटासाठी, सरासरी ४ लक्स सांगितले आहेत. म्हणजे २० वॅटमध्ये काम भागते. ४५ वॅट लावले की अकरा-बारा लक्स होतात. हा जास्तीचा उजेड कुणीच मागितलेला नव्हता.

दोन खांबांच्या मधला काळोख वॅट वाढवून जात नाही, हेही इथेच सांगायला हवे. वॅट वाढवला की खांबाखालचा डाग अधिक पांढरा होतो आणि मधला पट्टा तुलनेने आणखी काळा दिसतो. तिथे रस्त्याच्या लांबीला रुंद फेकणारी लेन्स लागते. कॅटलॉगमध्ये ती असते, पण मागणीपत्रात ती कुणी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट आर्मची, आणि खरे दुखणे तिथेच आहे. सोडियमच्या काळातला जीआय पाइपचा आर्म वर उचललेला असे. त्या आर्मवर सपाट काचेचे एलईडी फिटिंग चढवले की त्याचे तोंड रस्त्याऐवजी समोरच्या घराकडे वळते. कागदावर ते फिटिंग 'कट-ऑफ' असते, पण कट-ऑफ फक्त आडव्या बसवलेल्या फिटिंगचा असतो. ६ मीटर उंचीवर आडव्या फिटिंगमधून ४५ अंशांनी निघालेला किरण ६ मीटरवर जमिनीला टेकतो. आर्म २० अंश वर असेल तर तोच किरण ६५ अंशांनी निघतो आणि जवळजवळ १३ मीटरवर जाऊन टेकतो. रस्ता तर ४ मीटरचा. मधल्या ९ मीटरांत अंगण आहे, ओटी आहे, खिडकी आहे आणि खिडकीशी झोपलेले माणूस आहे.

वर उचललेल्या फिटिंगने रस्ता जास्त उजळतो, हा समज आपल्या धंद्यात घट्ट रुजला आहे. त्याने उजळते ते डोळे दिपवणारे भिंग. समोरून चालत येणाऱ्याची बाहुली त्या झगझगाटाने आकसते आणि डागाच्या पलीकडे पडलेली मण्यार त्याला दिसत नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. वय वाढले की डोळ्याचे भिंग गढूळ होते आणि तोच दिवा म्हाताऱ्या माणसाला अधिक त्रास देतो. सापाच्या भीतीने लावलेला दिवा तिरका बसला की त्या भीतीवरचा उपाय राहत नाही.

रंगाचेही पाहू. गावोगावी चढलेली फिटिंग बहुतेक ६५०० केल्विनची आहेत, कारण तीच दुकानात हाताशी असतात आणि 'झक्क पांढरी' म्हणून सरपंचांनाही आवडतात. या उजेडात निळा भाग मोठा. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. ४५० नॅनोमीटरचा निळा सोडियमच्या पिवळ्यापेक्षा जवळजवळ तिप्पट. शरीराला 'अजून दिवस आहे' असे सांगणारे डोळ्यातले ग्राहक ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्यालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात. शरीरातल्या या घड्याळाच्या यंत्रणेवरच्या कामाला २०१७ चे नोबेल मिळाले. तेव्हा आजींची तक्रार म्हणजे म्हातारपणीची कुरकुर समजू नका.

शहापूरच्या माळावरून रात्री पश्चिमेला पाहिले की भिवंडी-कल्याणच्या अंगाला क्षितिज उजळलेले दिसते. तो उजेड आपल्या हातात नाही. पण त्यात आपल्या गावची भर घालायची की नाही, हे आपल्या हातात आहे. जगभरच्या नागरिकांनी केलेल्या तारे-नोंदींवरून २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी सुमारे ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. या गतीने आठ वर्षांत ते दुप्पट उजळ होते. आज जन्मलेले मूल तिसरीत जाईल तोवर इतका फरक पडलेला असेल.

शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मात्र आपण अजून नीट ऐकलेले नाही. भात हे लहान दिवसाचे पीक आहे. पावसाळा सरताना रात्र मोठी होऊ लागली की त्याला पोटरीवर येण्याचा इशारा मिळतो. हळव्या जातींना याचे फारसे पडलेले नसते, पण जुन्या गरव्या जाती बहुधा रात्र मोजून निसवतात. खाचराच्या कडेला रात्रभर दिवा जळत असेल तर त्या पट्ट्यातल्या रोपांना रात्र पुरेशी मोठी झाल्याचे कळतच नाही. बाकीचे शेत निसवून पिकायला लागते आणि दिव्यासमोरचा तुकडा हिरवाच राहतो. कापणीला तो जुळत नाही. जपानमध्ये ही तक्रार इतकी वाढली की यामागुची विद्यापीठातल्या संशोधकांनी भाताला बाधणार नाही असा रस्त्यावरचा एलईडी दिवा तयार केला.

इथे आपल्यासाठी एक बारकावा आहे. रात्र मोजणारे वनस्पतीतले रंगद्रव्य निळ्यापेक्षा लाल उजेडाला जास्त संवेदनशील असते. म्हणून ६५०० केल्विनच्या जागी ३००० केल्विन लावले की माणसाचे काम भागते, भाताचे भागत नाही. खाचरापाशी एकच उपाय: उजेड शेतात पडूच द्यायचा नाही. फिटिंग आडवे बसवायचे, शेताच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावायचा आणि पीक निसवेपर्यंतचे काही आठवडे तरी मध्यरात्रीनंतर दिवा मंद ठेवायचा किंवा बंद करायचा. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई या भागांत रस्ता आणि खाचर यांत एका बांधाचेच अंतर असते. तिथे काम करणाऱ्याने खांबावर चढण्याआधी खाली कोणते पीक आहे ते पाहावे.

मुरबाडच्या पूर्वेला सिद्धगडाच्या पायथ्याशी मेअखेर ते पहिल्या पावसापर्यंत काजवे पाहायला माणसे लांबून येतात. नर उडत लुकलुकतो, मादी खालून उत्तर देते आणि त्या खुणेवरच त्यांचा संसार जुळतो. आजूबाजूला तंबूवाल्यांचा आणि फार्महाउसवाल्यांचा फ्लड जळत असेल तर ती खूण दिसत नाही. हे फ्लड ग्रामपंचायतीचे नसतात. आपणच खासगी कामात लावून दिलेले असतात. गिऱ्हाईक शंभर वॅट मागते आणि आपण शंभर वॅट देतो. 'साहेब, गेटवर सेन्सरचा दहा वॅट पुरेल' हे सांगायला जीभ रेटत नाही, कारण बिल लहान होते. पण ज्या काळोखासाठी त्या गिऱ्हाइकाने डोंगराच्या पायथ्याशी जमीन घेतली, तोच आपण त्याला विझवून देत आहोत.

हायमास्टवर थोडक्यात लिहितो. देवळासमोरच्या चौकात लोकप्रतिनिधीच्या निधीतून उभा राहिलेला हायमास्ट हा गावाच्या मानाचा विषय आहे. तो काढा असे कुणी म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. पण सहाच्या सहा फ्लड क्षितिजाकडे तोंड करून लावायचे कारण काय? त्यांची तोंडे खाली वळवा, दहानंतर दोनच चालू राहतील असा टायमर बसवा आणि जत्रेच्या, सप्ताहाच्या रात्री सगळे लावा. पॅनेलमध्ये एका कॉन्टॅक्टरचा आणि एका टायमरचा खर्च वाढतो, इतकेच.

हे सगळे परदेशातले लाड आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी नागपूर जिल्ह्याकडे पाहावे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक रस्त्यावरचे आणि सार्वजनिक दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवले गेले. त्या गावांतही वाघ आहे, बिबट्या आहे, साप आहे. दिवे काढले नाहीत, त्यांची तोंडे खाली केली. जी किमया म्हणून वर्तमानपत्रांत छापून आली ती बहुतांशी आपल्याच धंद्यातली, शिडी आणि पान्याची कामगिरी होती. तानसा अभयारण्य शहापुरात आहे आणि भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग मुरबाडमध्ये उतरतो. हेच काम इथे का होऊ नये, याला तांत्रिक उत्तर नाही.

कायद्याची वाट पाहत बसू नये. आवाजासाठी देशात २००० सालापासून नियम आहेत, उजेडासाठी तसा स्वतंत्र नियम नाही. मुंबई-ठाण्यात झाडांवर गुंडाळलेल्या रोषणाईचा विषय जनहित याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये महापालिकांना त्यावर विचारणा झाली. उद्या विचारणा खांबांबद्दलही होईल. तोवर आपले काम आपल्या लेखी बरोबर असावे.

ग्रामपंचायतीला पटवायला एक मुद्दा पुरेसा आहे: बिल. थकबाकीपोटी पथदिव्यांची जोडणी तोडल्याने आणि बिल वित्त आयोगाच्या निधीतून भरावे लागल्याने २०२१ साली राज्यभर सरपंच किती वैतागले होते, ते आपण पाहिले आहे. शंभर दिव्यांच्या गावात ४५ ऐवजी २० वॅट लावले, तर रोज अकरा तासांच्या हिशेबाने वर्षाला सुमारे दहा हजार युनिट वाचतात. हा आकडा ग्रामसभेत सांगा. तो सांगणारा ठेकेदार पुढच्या कामालाही आठवतो, असा आमचा विश्वास आहे.

म्हणून या महिन्यासाठी एक विनंती. पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीला शिडी लावाल तेव्हा प्रत्येक फिटिंगचा क्लॅम्प ढिला करून ते आडवे करा. फार तर पाच अंशांची सूट घ्या. जिथे आर्मच वाकडा आहे तिथे खाली वळणारा सांधा बसवा. नवीन अंदाजपत्रकात तीन ओळी घाला: २० वॅट किंवा ४ लक्सच्या हिशेबाने येईल तितके, ३००० केल्विन, आणि फिटिंग आडवे असल्याची तपासणी झाल्याशिवाय काम पूर्ण समजू नये. निघण्यापूर्वी समोरच्या घराच्या खिडकीशी लक्समीटर धरून आकडा लिहून घ्या, फिटिंग फिरवण्यापूर्वीचा आणि नंतरचाही. हे आकडे गावाचे नाव, खांबाची उंची आणि आर्मचा कोन यांसह आमच्याकडे पाठवा. शहापूर-मुरबाडचे पहिले तक्ते आम्ही जुलैच्या अंकात छापू.