शस्त्रक्रिया एका दिवसाची, औषध जन्माचे

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केपटाऊन येथे जगातील पहिले रोपण केल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. के.ई.एम. हे महापालिकेचे, गिरणगावातील कष्टकऱ्यांचे रुग्णालय. रुग्ण काही तासांतच दगावला. परंतु सार्वजनिक रुग्णालय विज्ञानाच्या आघाडीवर उभे राहू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. देशातील पहिल्या यशस्वी रोपणासाठी मात्र १९९४ साल उजाडावे लागले. तेही दिल्लीच्या ‘एम्स’ या सार्वजनिक संस्थेतच झाले.

हृदय शिवता येते. ते शरीराला आपले वाटणे ही निराळी गोष्ट आहे. प्रत्येकाच्या पेशींवर काही ओळखखुणा असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ झां दोसे यांनी १९५८ मध्ये त्यांतील पहिली खूण शोधली. मूत्रपिंडाच्या रोपणात या खुणा ताडून पाहण्यास सवड मिळते. हृदय शरीराबाहेर जेमतेम चार तास तग धरते. त्यामुळे रक्तगट व देहाचे आकारमान जुळवावे आणि रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध प्रतिपिंडे नाहीत ना, हे तपासावे, एवढेच हाती उरते. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत अशी प्रतिपिंडे अधिक आढळतात. म्हणून त्यांना योग्य हृदय मिळणे अधिक दुर्घट होते.

उरलेली विसंगती औषधाने दाबावी लागते. मातीतील बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन १९८३ पासून सर्रास उपलब्ध झाले आणि चित्र पालटले. आज जगातील निम्म्याहून अधिक रोपित रुग्ण बारा वर्षे जगतात. पण हे औषध आमरण घ्यावे लागते, त्याचे रक्तातील प्रमाण वारंवार मोजावे लागते. नव्या हृदयाच्या रोहिण्या हळूहळू अरुंद होतात आणि मज्जातंतू तुटलेले असल्याने रुग्णाला बहुधा छातीत कळही येत नाही. तपासणी चुकली की मृत्यू न सांगता येतो.

येथेच प्रश्न वैद्यकाचा न राहता समाजाचा होतो. बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरचा एखादा शेतमजूर रोपण करून गावी परतला, असे समजा. नागपूर तेथून सुमारे तीनशे किलोमीटर. प्रत्येक फेरीत मजुरी बुडणार, शिवाय सोबतच्या माणसाचीही. त्यात प्रतिकारशक्ती दाबलेल्या देहाला क्षयाचे भय मोठे. आणि क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध रोपणाच्या औषधांचे रक्तातील प्रमाण झपाट्याने उतरवते. गावच्या डॉक्टरला हे ठाऊक नसेल, तर एक उपचार दुसऱ्याचा घात करील.

अशा खर्चिक उपचारांपेक्षा हगवण आणि बाळंतपण यांकडे पैसा वळवावा, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण त्याचा निष्कर्ष गरिबाने हृदयविकाराने मरावे असा काढणे म्हणजे श्रीमंतांची मक्तेदारी मान्य करणे होय. दान केलेले हृदय बाजारात विकत घेता येत नाही, १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला आहे. मग समाजाने फुकट दिलेले ते हृदय औषधाच्या किमतीपायी बंद पडू देणे कोणत्या न्यायात बसते?

म्हणून मागणी स्पष्ट हवी: रोपणानंतरची औषधे आजन्म मोफत, रक्ततपासणी जिल्हा रुग्णालयात, आणि ग्रामीण डॉक्टरांना या रुग्णांविषयीचे शिक्षण. शस्त्रक्रियेच्या दिवशी छायाचित्रे निघतात. शासनाची खरी परीक्षा त्यानंतरच्या दहाव्या वर्षी, अमडापूरच्या औषधाच्या पुडीत होणार आहे.