व्यवहार तोडा, बोलणं तोडू नका

जुन्नर-आंबेगावच्या शिवारांत फिरताना मोठमोठ्या तबकड्या नजरेत भरतात. खोडदच्या ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीच्या अशा ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. ही दुर्बीण चालवणारी पुण्याची ‘एनसीआरए’ ही संस्था आज ‘एसकेए’ या जागतिक प्रकल्पात सहभागी आहे. त्याची एक दुर्बीण दक्षिण आफ्रिकेत उभी राहते आहे. तिथल्या सहकाऱ्याशी बोलायचं तर एक ईमेल पुरतो.

चाळीस वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं. वंशभेदी राजवटीशी व्यापार तोडणारा भारत हा पहिला देश, तोही १९४६ मध्ये. पुढे भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेला जाताच येत नव्हतं. केपटाऊनमध्ये तर पिढ्यान्‌पिढ्या कोकणी मुस्लिम कुटुंबं राहतात, म्हणजे ही झळ आपल्याच माणसांपर्यंत पोचत होती. तरीही तो बहिष्कार योग्यच होता, असं मी मानतो.

याच काळात एक वेगळी गोष्ट घडली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या ऱ्होड्स विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात रँडी बुश या अभियंत्याच्या घराशी संगणक जोडला. साधन काय, तर मोडेम आणि साधी फोनलाइन. ‘फिडोनेट’ या हौशी लोकांच्या जाळ्यातून साठलेले ईमेल गठ्ठ्याने ये-जा करत. नोव्हेंबर १९९१ मध्ये देशाचा पहिला इंटरनेट दुवाही याच घराशी जुळला.

कोणी म्हणेल, यात फायदा गोऱ्यांच्या विद्यापीठाचाच झाला. हा आक्षेप खोटा नाही. पण तारेची दुसरी बाजूही पाहा. जोहान्सबर्गमध्ये ‘वर्कनेट’ हे जाळं कामगार संघटना आणि वंशभेदविरोधी गटांसाठी चालत होतं. १९८८ पासून ‘ऑपरेशन व्हुला’मध्ये भारतीय वंशाचे मॅक महाराज आणि त्यांचे साथी संगणकावर सांकेतिक संदेश तयार करून फोनवरून लंडनला पाठवत. तिथे टिम जेन्किन ते लुसाकाला ऑलिव्हर टॅम्बोंपर्यंत पोचवत. ज्या सरकारने आणीबाणी लादून वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी केली होती, त्याला देशातला आवाज बाहेर जायला नकोच होता. ही तार जगानेच कापली असती, तर सरकारचं काम आयतंच झालं असतं.

बोलणं तोडणं हे जुलमी सत्तेचं हत्यार आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरचं इंटरनेट बंद झालं. ४जी सर्वत्र परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचे फोन आणि इंटरनेट बंद पडले, तेव्हा जगभरच्या साध्या माणसांनी ई-सिम पाठवून तिथला आवाज जिवंत ठेवला. रँडी बुशच्या घरातल्या मोडेमचाच हा नवा अवतार.

म्हणून आपल्या तरुण मित्र-मैत्रिणींशी माझा एक मतभेद आहे. इस्रायली मालावर, कंपन्यांवर, सरकारी संस्थांवर बहिष्कार घाला; मी तुमच्यासोबत आहे. पण ‘तिथल्या कोणाशीही बोलायचं नाही’ हे मला मान्य नाही. गाझात वंशसंहार चालू आहे, असं जुलै २०२५ मध्ये जाहीरपणे म्हणणारी ‘बेत्सेलेम’ ही मानवाधिकार संघटना इस्रायलमधलीच आहे. तिचे अहवाल वाचायचे नाहीत, तिच्या कार्यकर्त्यांना दोन ओळी लिहायच्या नाहीत, यातून गाझातल्या कोणाचं भलं होणार?

एखाद्याचा जन्म कुठे, कोणत्या धर्मात झाला, एवढ्यावरून त्याच्याशी संबंध तोडायचे, हा बहिष्कार आपण आपल्याच गावांत सोसतो. तोच हिशेब आपण दुसऱ्याला लावू नये. बहिष्कार कोणत्या सत्तेवर आहे, मागणी काय आहे आणि ती मान्य झाल्यावर तो कधी संपेल, हे आधी ठरवा. आणि आतून विरोध करणाऱ्यांसाठी एक तार कायम जोडलेली ठेवा.