टाळू, टेप आणि मेंदूतले पाणी

पावसाळा लागला की चांदूर बाजार तालुक्याचे लक्ष विश्रोळीच्या पूर्णा प्रकल्पाकडे लागते. वरून येवा सुरू आणि दारे बंद, असे झाले तर पातळी चढतच जाते. बाळाच्या मेंदूतही असाच हिशेब चालतो. फरक एवढाच, की तिथला येवा बारमाही आहे.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. प्रौढ माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. पण दिवसभरात तयार होतो सुमारे ५०० मिलिलिटर. म्हणजे सगळा द्रव रोज तीन-चार वेळा बदलतो.

हा द्रव रक्तातून नुसता पाझरत नाही. मेंदूच्या पोकळ्यांत कोरॉइड प्लेक्सस नावाचे झालरीसारखे भाग असतात. त्यांच्यावरचा पेशींचा एकेरी थर ऊर्जा खर्चून तो तयार करतो. या पेशींतील पंप दर फेरीला सोडियमचे तीन आयन द्रवाकडे ढकलतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. मूत्रपिंडात हाच पंप रक्ताच्या बाजूला असतो. इथे तो द्रवाच्या बाजूला आहे. क्लोराइड आणि बायकार्बोनेटही सोबत जातात, आणि क्षारांमागे पाणी जाते. काही पाणी तर क्षार वाहून नेणारी प्रथिनेच सोबत ओढून नेतात, असे कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडले. त्यांच्या मते निम्मी निर्मिती अशा एकाच प्रथिनामुळे होते. यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

सामान्य घराशी याचा संबंध असा, की बाहेर जाण्याची वाट तुंबली तरी हे पंप सहसा थांबत नाहीत. जन्मजात अरुंद मार्ग, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील रक्तस्राव, मेंदूज्वर किंवा क्षयाचा संसर्ग, कारण कोणतेही असो, द्रव साचतो. यालाच हायड्रोसेफॅलस म्हणतात. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्याने डोके वाढत जाते आणि घरातली मंडळी कौतुकाने म्हणतात, "डोकं मोठं आहे, पोरगं हुशार निघणार."

गोळीने पंप मंद करता येणार नाही का? अॅसिटाझोलामाइड हे औषध निर्मिती कमी करते आणि मोठ्यांच्या काही आजारांत उपयोगी पडते. पण रक्तस्राव झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर ते फ्युरोसेमाइडसोबत वापरून पाहिले, तेव्हा फायदा तर नाहीच, उलट नुकसान दिसले. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे आजही मुख्य इलाज म्हणजे पाण्याला वाट करून देणे: द्रव पोटात सोडणारी शंटची नळी, किंवा निवडक बाळांत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. मात्र दबून गेलेला मेंदू शंट बसवल्यावर पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून प्रश्न वेळेचा आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. पहिल्या तीन महिन्यांत मात्र बाळाच्या डोक्याचा घेर दरमहा सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो. सहा महिने वाट पाहणे परवडणारे नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीसाठी आई बाळाला घेऊन येतेच. त्याच वेळी वजनासोबत डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहावा. एका मापावरून निदान होत नाही, काही घराण्यांत डोकी मोठीच असतात. पण घेर अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढत असेल, टाळू फुगलेली असेल, बाळ सुस्त असेल, वारंवार ओकत असेल किंवा नजर खालीच झुकलेली असेल, तर त्याला त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात न्यावे आणि तिथून पुढे न्यूरोसर्जनकडे पाठवावे.

यासाठी नवे यंत्र नको, नवा निधी नको. एक टेप, एक रकाना आणि तो भरण्याची सक्ती पुरेशी आहे. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने ही सुरुवात येत्या लसीकरण सत्रापासूनच करावी. धरणाची पातळी तासातासाला मोजली जाते. बाळाच्या डोक्याची महिन्यातून एकदा तरी मोजली जावी.