अश्वशक्तीचा मोह आणि वजनाचा विसर

ट्रॅक्टर घ्यायचे ठरवून शेतकरी तालुक्याच्या गावी विक्रेत्याच्या दुकानात शिरतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी पहिला प्रश्न एकच असतो : किती एचपीचा? कर्जाचा अर्ज, अनुदानाचा तक्ता आणि पारावरची चर्चा ही सारी याच एका आकड्याभोवती फिरतात. यंत्राचे वजन किती, हे क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः लहान ट्रॅक्टरची निवड करताना वजनाचा प्रश्न अश्वशक्तीइतकाच, किंबहुना तिच्याहूनही अधिक निर्णायक आहे. तो न विचारल्याची किंमत आधी शेतकऱ्याला आणि मग त्याच्या जमिनीला मोजावी लागते.

बाजारातील दोन यंत्रे शेजारी शेजारी उभी करून पाहावीत. कुबोटाचा २७ अश्वशक्तीचा, चारही चाकांना गती देणारा छोटा ट्रॅक्टर सुमारे ६५० किलो वजनाचा आहे. स्वराजचा २५ अश्वशक्तीचा, मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालणारा ट्रॅक्टर दीड टनाहून जड आहे. अश्वशक्ती जवळपास सारखी. वजन मात्र दुपटीहून अधिक. महिंद्राचा १५ अश्वशक्तीचा युवराज सुमारे ७८० किलोंचा, तर २०२१ साली बाजारात आलेले स्वराज कोड हे ११ अश्वशक्तीचे यंत्र सुमारे ४५५ किलोंचे. म्हणजे १५ अश्वशक्तीचे एक यंत्र २७ अश्वशक्तीच्या दुसऱ्या यंत्राहून जड ठरते. अश्वशक्तीवरून वजनाचा अंदाज बांधणे किती फसवे आहे, हे एवढ्यावरूनच स्पष्ट व्हावे.

आता वजनाने काय साधते ते पाहू. इंजिन चाके फिरवते. परंतु चाकाने जमिनीवर पकड घेतली तरच औत ओढले जाते, आणि ही पकड मुख्यतः चाकावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. नांगरटीच्या रानात गती मिळालेल्या चाकांवरील भाराच्या चाळीस टक्के ओढ मिळते असे ढोबळमानाने धरले, तर ६५० किलोंचा, चारही चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर सुमारे २६० किलोंची ओढ देईल. सतराशे किलोंच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर अकराशे किलोंचा भार धरला, तर त्याची ओढ ४४० किलोंवर जाईल. ताशी पाच किलोमीटर वेगाने नांगरताना पहिल्या यंत्राची प्रत्यक्ष वापरात येणारी शक्ती पाच अश्वशक्तीहूनही किंचित कमी भरते, दुसऱ्याची आठ. पाटीवरची २७ अश्वशक्ती नांगराच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही. तिला तेथवर नेणारे वजन यंत्राजवळ नाही.

हाच हिशेब बैलांच्या भाषेत मांडला तर जुन्या शेतकऱ्याला तो चटकन पटेल. बैल आपल्या वजनाच्या साधारण एक दशांश इतकी ओढ दिवसभर टिकवून धरतो. आठशे किलोंची जोडी म्हणजे ऐंशी किलोंची ओढ. त्या मापाने हलका ट्रॅक्टर म्हणजे तीन बैलजोड्या आणि जड ट्रॅक्टर म्हणजे साडेपाच. हरळी आणि कुंदा माजलेले काळे रान उन्हाळ्यात खोल नांगरायचे झाले, तर पूर्वीही लोखंडी नांगराला दोन बैल पुरत नसत. चार, सहा, आठ बैल जुंपावे लागत. ते काम तीन जोड्यांच्या यंत्रावर लादले, की चाके जागच्या जागी फिरतात, टायर झिजतात, डिझेल जळते आणि नांगर वरचेवर उचलावा लागतो. शेतकरी मग चाकांत पाणी भरतो, बिडाची वजने अडकवतो. या उपायाला मर्यादा आहे. हलक्या यंत्राचे गिअर आणि आस त्या ओढीसाठी घडवलेले नसतात.

इतके वाचून कोणी म्हणेल, तर मग जडच यंत्र घ्यावे. तथापि वजनाची दुसरी बाजू याहून गंभीर आहे. जमिनीच्या वरच्या थरावरील दाब टायरची रुंदी आणि त्यातील हवा यांवर ठरतो आणि तो काही अंशी कमी करता येतो. खोल थराची दडपण मात्र प्रामुख्याने आसावर येणाऱ्या एकूण भारावर अवलंबून असते. रुंद टायरने ती टळत नाही. माती ओली असताना हे नुकसान सर्वांत अधिक. मातीतील पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही, मुळे आडवी वळतात. वरून रान भुसभुशीत दिसते आणि खाली वीतभर खोलीवर घट्ट थर धरलेला असतो. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर रोटाव्हेटर फिरवल्याने त्यात भरच पडते.

महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीला निसर्गाने एक देणगी दिली आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि या फुगण्या-आकसण्यातून स्वतःला काही प्रमाणात मोकळी करते. कोरडवाहू रानात झालेली दडपण त्यामुळे अंशतः भरून निघते. बागायती रान मात्र भेगाळण्याइतके वाळतच नाही. ऊस, द्राक्ष, केळी यांच्या जमिनीला आपली जखम स्वतः भरून काढण्याची संधी बारमाही पाण्यामुळे फारशी मिळत नाही. गुंतवणूक सर्वाधिक, उत्पन्नाची आशा सर्वाधिक आणि यंत्राच्या फेऱ्याही सर्वाधिक, अशी ही रानेच वजनापुढे सर्वांत दुबळी ठरतात.

नाशिक किंवा तासगावच्या द्राक्षबागेचे उदाहरण घ्यावे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कोवळी फूट असताना परतीचा पाऊस झाला, की केवड्याच्या धास्तीने फवारणी थांबवता येत नाही. वाफसा येण्याची वाट पाहायला सवड नसते. ट्रॅक्टर त्याच दोन ओळींमधून, त्याच चाकोरीवरून, ओल्या मातीत पुन्हा पुन्हा जातो आणि चाकोरीला लागूनच वेलीची मुळे असतात. या कामाला ओढ थोडी आणि भार कमीत कमी हवा. येथे सहाशे-सातशे किलोंचे यंत्र हेच शहाणपणाचे. मात्र त्याच्यामागे सहाशे लिटर पाण्याचा ब्लोअर जोडला, तर ते पाणीच सहाशे किलोंचे होते, हे विसरता कामा नये. ट्रॅक्टर हलका घेऊन टाकी अवजड घेणे म्हणजे एका हाताने वाचवलेले दुसऱ्या हाताने उधळणे होय.

सारांश, वजनाची निवड कामावरून व्हावी. फवारणी, कोळपणी, आंतरमशागत, बागेतील हलका रोटाव्हेटर, कोकणातील लहान खाचरांतील चिखलणी, ही हलक्या यंत्राची कामे. रोटाव्हेटरची पाती इंजिनच्या शक्तीवर फिरतात आणि यंत्राला उलट पुढेच रेटतात. म्हणून तेथे ओढीची उणीव भासत नाही. उन्हाळी खोल नांगरट, भारी जमिनीतील पहिली पाळी आणि मालाची वाहतूक ही जड यंत्राची कामे. वाहतुकीत तर प्रश्न जीविताचा आहे. हलक्या ट्रॅक्टरमागे भरलेली ट्रॉली उताराला लागली, की ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर चालकाच्या हाती काही उरत नाही. मागच्या बाजूला पेलण्यापलीकडचे ओझे टांगले, की पुढची चाके उचलली जातात आणि सुकाणू निकामी होते. म्हणून किती ओढेल याच्या बरोबरीनेच किती थोपवेल, हेही विचारले पाहिजे.

हा विवेक शेतकऱ्याला ठाऊक नाही असे मानणे हा त्याचा अवमान होईल. त्याला तो पुरेपूर ठाऊक असतो. अंमलात आणणे परवडत नाही. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. सव्वातीन एकरांच्या रानात स्वतःच्या मालकीचा ट्रॅक्टर वर्षातले मोजकेच दिवस चालेल. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. तो फेडायचा तर दुसऱ्याची नांगरट करावी लागते, वाळू-विटा वाहाव्या लागतात, हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढाव्या लागतात. म्हणून स्वतःच्या बागेला सहाशे किलोंचे यंत्र पुरेसे असताना तो दीड-दोन टनांचे यंत्र घेतो आणि तेच यंत्र ओल्या बागेत घालतो. यंत्राचे वजन त्याच्या जमिनीने ठरवलेले नसते. ते हप्त्याने ठरवलेले असते. भाड्याच्या कामासाठी घेतलेला भार बागेची माती सोसते, आणि ही हानी कोणत्याही बँकेच्या खातेवहीत नोंदली जात नाही.

शासनाच्या धोरणाने ही विसंगती कमी केलेली नाही. २०१४-१५ पासून राबवल्या गेलेल्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात ट्रॅक्टरच्या अनुदानाचे टप्पे अश्वशक्तीवर पाडलेले आहेत. जमीन कोणती, काम कोणते, भार किती, यांना त्या तक्त्यात स्थान नाही. वास्तविक मध्य प्रदेशातील बुदनी येथे ट्रॅक्टरची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे. यंत्राचे वजन किती, अतिरिक्त भारासह आणि भाराविना ते किती ओढते, याची मोजदाद तेथे होते. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले हे ज्ञान ज्याच्यासाठी आहे, त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचत नाही. त्याच्या हाती पडते ते रंगीत जाहिरातपत्रक.

यंत्र केवढे असावे हा सार्वजनिक विचाराचा विषय असू शकतो, याचे उदाहरण याच देशात आहे. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत देशी अभियंत्यांनी घडवलेल्या आराखड्यावर पंजाब ट्रॅक्टर्सने १९७४ साली स्वराज ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू केले. तो विशीतल्या अश्वशक्तीचा, येथल्या शेतकऱ्याला नजरेसमोर ठेवून केलेला ट्रॅक्टर होता. पुढे २००७ साली ही कंपनी महिंद्र समूहाकडे गेली. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. आज या निवडीवर समाजाचा ताबा ठेवायचा, तर तो यंत्र बनवण्यापेक्षा यंत्र वापरण्याच्या व्यवस्थेतून ठेवावा लागेल.

त्या व्यवस्थेचे बीज मराठी खेड्याला नवे नाही. एका घरच्या बैलांनी न उरकणारे काम असेल, तर गावातली औते एकत्र येत आणि रान एका दिवसात उलथून काढीत. त्याला इर्जिक म्हणत. दोघे-तिघे आपापले बैल आळीपाळीने एकमेकांना देत, ती सावड. आठ बैल कोणाच्याच दावणीला नसत, आणि तरीही आठ बैलांचा नांगर गावात चालत असे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो निराधार नाही. वाफसा सर्वांना एकाच वेळी येतो. सोसायटीचा ट्रॅक्टर ज्याला हवा त्याला हव्या त्या दिवशी मिळत नाही. प्रथम तो वजनदार सभासदाच्या रानात जातो. अनेक अवजारे बँका याच कारणाने नावापुरत्या उरल्या. परंतु कामांची वजनानुसार जी विभागणी वर केली, तिच्यातच या आक्षेपाचे उत्तर दडलेले आहे. जी कामे घाईची, एका दिवसाचाही उशीर न खपणारी, ती बहुतेक हलकी कामे आहेत : फवारणी, कोळपणी, पेरणीपूर्वीची पाळी. जी कामे जड, त्यांतील प्रमुख म्हणजे उन्हाळी नांगरट. तिला पिके निघाल्यापासून मृगापर्यंत बरीच सवड असते. म्हणून हलके यंत्र तीन-चार शेजारी कुटुंबांनी सावडीने घ्यावे. तेवढ्यांत पाळी लावणे अशक्य नाही. जड यंत्र गावच्या विविध कार्यकारी सोसायटीने किंवा अवजारे बँकेने ठेवावे, त्याची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवावी आणि ती यादी चावडीवर लावावी. मग भाड्याच्या कामापायी जड ट्रॅक्टर घेण्याची आणि तोच ओल्या बागेत घालण्याची सक्ती लहान शेतकऱ्यावर उरणार नाही.

यासाठी शासनाने दोन गोष्टी कराव्यात. विक्रेत्याच्या दुकानात प्रत्येक ट्रॅक्टरसमोर त्याचे वजन, चाचणीत मोजलेली ओढ आणि उचलण्याची क्षमता मराठीत लिहिलेली पाटी सक्तीची करावी. आणि अनुदान देताना तीन-चार कुटुंबांच्या संयुक्त अर्जाला एकट्याच्या अर्जाहून अग्रक्रम द्यावा. दोन्हींना फारसा खर्च नाही. खर्च आहे तो आजच्या पद्धतीला. तो दरवर्षी वीतभर खोलीवर साचत आहे, आणि जमीन पुढच्या पिढीच्या हाती जाईल तेव्हा तिच्यासोबत तोही वारसा म्हणून जाणार आहे.