पुराचा नकाशा सभासदांच्या नोंदीशिवाय अपुरा



२००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पंचगंगा-कृष्णाकाठाने सोळा-सतरा वर्षांत पाहिले. आता उपग्रह आणि संगणकाच्या साहाय्याने पूरपट्ट्याचे नकाशे होऊ लागले आहेत. "नकाशानं काय पाणी थांबतंय?" असं काही सभासद विचारतात. थांबत नाही, हे खरंच. पण कुठल्या गटात कधी लागण करायची आणि तोड आधी कुणाला द्यायची, हे ठरवायला नकाशा लागतो.

जमिनीची उंची, उतार, नदी-ओढ्यापासूनचं अंतर, माती आणि पाऊस ही माहिती मागच्या पुरात बुडालेल्या व न बुडालेल्या जागांशी ताडून पाहतात आणि प्रत्येक तुकडा बुडण्याची शक्यता किती, याचा आकडा काढतात. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषाही २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरलेली आहे. याचा अर्थ "एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत" असा नव्हे. दरवर्षी शंभरात चार, असा तो हिशेब. दहा वर्षांत एकदा तरी तसा पूर येण्याची शक्यता तीनात एक इतकी होते.

मात्र या नकाशात उणिवा आहेत. सेंटिनेल-१ हा युरोपचा रडार उपग्रह ढगाआडूनही पुराचं उघडं पाणी दाखवतो. पण आठ-दहा फुटी उसाच्या बुडात साचलेलं पाणी त्याला पुष्कळदा दिसत नाही. फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीत काही मीटरचा फरक असू शकतो, आणि आपल्या सपाट शिवारात तीन-चार फुटांनीच निकाल लागतो. नदीपासून लांबचा गट ओढ्याच्या फुगवट्यानं आधी बुडतो, नव्या रस्त्याच्या भरावानं पाणी तुंबतं, हे तिथला शेतकरीच सांगू शकतो.

म्हणून लागण नोंदीतच तीन जादा रकाने असावेत असं माझं मत आहे: पाणी किती दिवस राहिलं, किती उंच आलं, शेंडा बुडाला का.

"पूरपट्ट्यात नाव लागलं की जमिनीचा भाव उतरेल, बँक कर्ज नाकारेल," ही भीती अनाठायी नाही. यासाठी ही गटवार नोंद ऊस विकासापुरतीच वापरावी, बाहेर देऊ नये, असा ठराव संचालक मंडळाने करावा.

नोंद देणाऱ्याला तिचा फायदाही मिळाला पाहिजे. सखल गटात जून-जुलैची आडसाली टाळून ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण घ्यावी, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात ऊस उंच असतो. आणि पुरात शेंडा बुडालेल्या उसाला क्रमपाळी बाजूला ठेवून पहिली तोड द्यावी. माळावरचे सभासद म्हणतील, "आमची पाळी मागं का?" शेंडा कुजलेल्या उसाची वाढ थांबते, डोळे फुटतात, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. तो ऊस उशिरा गाळला, तर माळावरच्या सभासदाच्या बिलालाही कात्री लागते.

तेव्हा चिटबॉय नोंदीला येईल तेव्हा जे पाणी पाहिलंत ते जसंच्या तसं सांगा. कमी नको, जास्तही नको. खोट्या नोंदीवर बेतलेला नकाशा नसलेल्या नकाशापेक्षा वाईट.

— ऊस विकास अधिकारी