मोफत प्रॉक्सी टाकताय? तुमच्याच इंटरनेटवरून दुसरा गुन्हा करू शकतो

वडसा म्हणजेच देसाईगंजसारख्या गावात एकाच डेस्कटॉपवर किती कामं होतात? सातबारा काढणं, शिष्यवृत्तीचा अर्ज, पॅन कार्ड, बँकेचे व्यवहार. अशा कॉम्प्युटरवर एखादी वेबसाइट उघडत नाही म्हणून कुणी मोफत प्रॉक्सी किंवा व्हीपीएन टाकतो. साइट उघडते आणि विषय तिथेच संपतो. मात्र धोका तिथूनच सुरू होऊ शकतो.

प्रॉक्सी नेमकं काय करते?

कॉम्प्युटर आणि वेबसाइट यांच्यामध्ये ती मध्यस्थ म्हणून बसते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट'खाली 'प्रॉक्सी' हा पर्याय असतो. तिथे सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक भरला जातो. क्लायंट सॉफ्टवेअर हेच काम आपोआप करतं. त्यानंतर वेबसाइटला तुमचा नाही, तर त्या सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतो. तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे आता मध्यस्थाला कळतं. 'एचटीटीपीएस' असेल तर आतला मजकूर त्याला वाचता येत नाही. पण क्लायंटने स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवून घेतलं, तर तोही वाचता येऊ शकतो.

2024 मध्ये काय उघड झालं?

मे 2024 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने '911 एस5' हे जाळं बंद पाडल्याचं जाहीर केलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशी मोफत सॉफ्टवेअर टाकणाऱ्यांचे विंडोज कॉम्प्युटर त्यांच्या नकळत या जाळ्यात ओढले गेले होते. जवळपास 200 देशांमधले 1 कोटी 90 लाखांहून जास्त आयपी पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. त्यांच्या आडून आर्थिक फसवणूक झाली, बॉम्बच्या धमक्याही दिल्या गेल्या. अशा प्रकरणात तपास आधी पोहोचतो तो आयपी पत्ता ज्याच्या नावावर आहे, त्याच्या दारात.

भारतात कायदा काय म्हणतो?

व्हीपीएन वापरण्यावर देशभर सरसकट बंदी नाही. मात्र जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत 2025 मध्ये प्रशासनाने तात्पुरती बंदी घातली होती. 28 एप्रिल 2022 रोजी 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपीची माहिती 5 वर्षं ठेवायला सांगितलं. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. नियम ओळखीच्या कंपन्यांना लागू झाला. मालकाचा पत्ताच नसलेल्या मोफत सॉफ्टवेअरला तो लावायचा कसा, हा प्रश्न उरतोच.

मग काय करावं?

कॉलेज किंवा ऑफिसने दिलेली प्रॉक्सी असेल, तर पत्ता आणि पोर्ट त्यांच्याकडूनच घ्यावा. सॉफ्टवेअर कंपनीच्या मूळ साइटवरूनच उतरवावं. त्याने सर्टिफिकेट बसवायची परवानगी मागितली तर थांबावं. बँकेचं आणि आधारचं काम होणाऱ्या कॉम्प्युटरवर मोफत प्रॉक्सी टाकूच नये. क्लायंट काढून टाकल्यावर इंटरनेट बंद पडलं, तर प्रॉक्सीची जुनी सेटिंग तशीच राहिली आहे का ते पाहून ती बंद करावी.

प्रॉक्सीमुळे तुमची माहिती लपतेच असं नाही. ती कुणाच्या हाती द्यायची, एवढंच बदलतं.