जाण्याची वाट आणि परतीची वाट

बारावीनंतर नेटवर्किंगचा कोर्स करणारी मुले-मुली आज आपल्या बऱ्याच घरांत आहेत. ‘काय शिकतोस?’ असे अब्बूंनी विचारले की ‘राउटर कॉन्फिगर करायला’ एवढे उत्तर मिळते आणि विषय तिथेच थांबतो. वायफायची पेटी भिंतीला लावण्यात शिकण्यासारखे काय असणार, असेही काहींना वाटते. म्हणून या महिन्यात त्या अभ्यासातली एकच गोष्ट घेऊ : डिफॉल्ट स्टॅटिक रूट. लिहायला एक ओळ. पण ती अर्धवट समजली तर शाळेचे किंवा दवाखान्याचे दिवसभराचे काम अडते.

मंडणगड तालुक्यातल्या एखाद्या गावातून माणूस पुण्याला निघो की दुबईला, गावाबाहेरचा त्याचा पहिला टप्पा बहुधा तालुक्याचा एस.टी. स्टँडच असतो. शेजारच्या वाडीत जायचे असेल तर पायवाट ठाऊक असते, स्टँडवर जावे लागत नाही. राउटरचे कामही असेच चालते. त्याच्याकडे वाटांचा एक तक्ता असतो. आलेल्या प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता तो त्या तक्त्याशी ताडून पाहतो आणि सर्वांत नेमकी जुळणारी वाट निवडतो. एकही नेमकी वाट जुळली नाही, तरच पॅकेट डिफॉल्ट रूटवर जाते. ही वाट ०.०.०.० अशी चार शून्यांनी लिहितात आणि तिचा मास्कही चार शून्यांचाच असतो. ‘कोणताही पत्ता’ असा त्याचा अर्थ. ती सगळ्यांशी जुळते, पण नेमकेपणात सर्वांत मागे असल्यामुळे तिचा नंबर शेवटी लागतो.

ही सोय नसती तर काय झाले असते? इंटरनेटच्या पूर्ण तक्त्यात आज आयपी व्ही-४ च्या ९ लाखांहून अधिक वाटा आहेत. मोठ्या कंपन्यांचे महागडे राउटर त्या सांभाळतात. आपल्या शाळेच्या राउटरला त्यांची गरज नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा दरवाजा, म्हणजे गेटवे, कुठे आहे एवढे त्याला कळले की पुरते.

घरच्या जोडणीत ही वाट बहुतेक वेळा आपोआप येते. संस्थेने कायमचा पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी घेतला असेल तर कंपनी चार गोष्टी देते : आपला आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस. त्यातला गेटवे डिफॉल्ट रूटमध्ये भरायचा असतो. सिस्कोच्या राउटरवर ती ओळ अशी :

आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० २०३.०.११३.१

(आज्ञा प्रत्यक्षात इंग्रजीत टाइप करावी लागते. शेवटचा पत्ता ज्या गटातला आहे तो गट फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे. आपल्याकडे कंपनीने दिलेला गेटवे लिहावा.)

इथपर्यंत कोणीही शिकतो. खरा कस पुढे लागतो. समजा, एका ट्रस्टची शाळा आहे आणि रस्त्यापलीकडे तिचे वसतिगृह. इंटरनेटची लाइन शाळेत आली आहे आणि तिथून केबल टाकून वसतिगृहाचा राउटर जोडला आहे. शाळेतले संगणक १९२.१६८.१०.० या जाळ्यात, वसतिगृहातले १९२.१६८.२०.० मध्ये. मधल्या केबलचे शाळेकडचे टोक १०.०.०.१ आणि वसतिगृहाकडचे टोक १०.०.०.२.

वसतिगृहाच्या राउटरवर डिफॉल्ट रूट १०.०.०.१ कडे दिला. शाळेच्या राउटरवर डिफॉल्ट रूट कंपनीकडे दिला. दोन्ही ओळी बरोबर आहेत, तरी वसतिगृहात एकही पान उघडत नाही. का?

मुलीच्या संगणकावरून निघालेले पॅकेट शाळेच्या राउटरपर्यंत पोहोचले आणि तिथून बाहेरही गेले. उत्तरही शाळेच्या राउटरपर्यंत परत आले. आता ते १९२.१६८.२०.० च्या जाळ्यात पोहोचवायचे आहे. पण हे जाळे कोणत्या बाजूला आहे, हे शाळेच्या राउटरला कोणी सांगितलेलेच नाही. मग तो नियमाप्रमाणे वागतो : ठाऊक नाही, म्हणून डिफॉल्ट रूट. घरी आलेले उत्तर तो पुन्हा कंपनीकडे पाठवतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी असतात, इंटरनेटवर ते चालत नाहीत, म्हणून ते पॅकेट तिथे टाकून दिले जाते.

उपाय शाळेच्या राउटरवर एका ओळीचा आहे :

आयपी रूट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.२

म्हणजे वसतिगृहाचे जे काही असेल ते १०.०.०.२ कडे द्या. याशिवाय खाजगी पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यात रूपांतर करणाऱ्या नॅटच्या यादीतही वसतिगृहाचे जाळे घालावे लागते. जाणारी वाट सगळेच लिहितात. परतीची वाट राहून जाते.

तपासणीतही इथे फसगत होते. वसतिगृहाच्या राउटरवर बसून १०.०.०.१ ला पिंग केले तर उत्तर येते, आणि तंत्रज्ञ ‘लाइन ठीक आहे’ म्हणून निघून जातो. पण ते पिंग राउटरच्या १०.०.०.२ या पत्त्यावरून गेलेले असते आणि तो पत्ता शाळेच्या राउटरला थेट केबलवर दिसतो. मुलींच्या संगणकावरून तेच पिंग केले तर उत्तर येत नाही. म्हणून तपासणी नेहमी जिथे काम अडले आहे तिथल्या संगणकावरून करावी.

दुसरी चूक याच्या उलट. वसतिगृहाचा डिफॉल्ट रूट शाळेकडे आणि शाळेचा चुकून वसतिगृहाकडे. मग अनोळखी पत्त्याचे पॅकेट दोघांमध्ये चेंडूसारखे फिरत राहते. ते कायम फिरू नये म्हणून प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. विंडोजमध्ये तो साधारणपणे १२८ पासून सुरू होतो. प्रत्येक राउटर त्यातून १ वजा करतो आणि शून्य झाले की पॅकेट टाकून देतो. ट्रेसरूट चालवल्यावर तेच दोन पत्ते आलटून-पालटून दिसू लागले, तर हेच घडते आहे असे समजावे.

आता दुसऱ्या लाइनबद्दल. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे आणि नेमकी त्या दिवशी लाइन गेली, तर नुकसान विद्यार्थ्यांचे होते. म्हणून काही संस्था दोन कंपन्यांच्या लाइन घेतात. अशा वेळी दुसरा डिफॉल्ट रूट लिहून त्याच्या शेवटी मोठा आकडा देतात, उदाहरणार्थ १०. याला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स म्हणतात. साध्या स्टॅटिक रूटचा आकडा १ असतो आणि लहान आकड्याची वाट आधी वापरली जाते. पहिली वाट तक्त्यातून गेली की दुसरी आपोआप पुढे येते.

पण पहिली वाट तक्त्यातून जाते कधी? बहुधा राउटरचा तो पोर्ट बंद पडला तरच. फायबरची तार रस्त्यावर तुटली, तरी भिंतीवरची कंपनीची पेटी विजेवर चालूच असते. राउटर आणि ती पेटी यांच्यातली केबल जिवंत दिसते. राउटरला वाटते सगळे ठीक आहे. तो पॅकेट पाठवत राहतो आणि पैसे भरलेली दुसरी लाइन रिकामी बसते. यासाठी बाहेरचा एखादा पत्ता ठरावीक वेळाने तपासून, उत्तर न आल्यास वाट काढून टाकण्याची सोय राउटरवर लावावी लागते. सिस्कोमध्ये ती आयपी एसएलए आणि ट्रॅक या नावाने मिळते. तपासणी कंपनीच्या पेटीपलीकडच्या पत्त्याची असली पाहिजे, एवढे लक्षात ठेवावे.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुसरी लाइन घेणे म्हणजे दोरी विकत आणणे. ती बांधली आहे की नाही हे पाहायचे तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी पहिली लाइन मुद्दाम तोडून बघावी. फक्त राउटरची केबल काढून भागणार नाही. कंपनीच्या पेटीतली फायबर काळजीपूर्वक काढून पाहावी, म्हणजे खरा प्रसंग समोर येईल.

घरच्यांसाठी एक सूचना. डिफॉल्ट रूट ज्या दिशेला वळवाल, त्या दिशेला घराची जवळजवळ सगळी वाहतूक जाते. म्हणून राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड तसाच ठेवू नका. तो बदलून कागदावर लिहा आणि घरातल्या दोन जबाबदार माणसांना ठाऊक असू द्या.

आणि कोर्स करणाऱ्या मुला-मुलींसाठी : सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर नोंदणी करून मोफत मिळते. त्यात वरची शाळा आणि वसतिगृह उभे करा. आधी परतीची वाट न लिहिता पॅकेट कुठे हरवते ते बघा, मग ओळ लिहून पुन्हा बघा. मुलाखतीत ‘डिफॉल्ट रूट म्हणजे काय’ याचे उत्तर बहुतेकांना येते. ‘दोन्ही रूट बरोबर असून नेट का चालत नाही’ या प्रश्नावर जी मुलगी कागद ओढून जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही वाटा काढून दाखवील, तिची हलाल रोजी तिच्या हातच्या कौशल्यातून उभी राहील, इन्शाअल्लाह. अब्बू-अम्मींनीही एकदा तिच्याकडून तो कागद समजून घ्यावा.